सामाईक वाफा

रखमाजींची सकाळ साडेपाचला सुरू होई आणि बायको सोनूबाई गेल्यापासूनच्या सहा वर्षांत तिच्या क्रमात बदल झाला नव्हता. उशालगतचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा, तांब्यातले पाणी उभ्यानेच प्यायचे, काठी घ्यायची आणि थोरल्याच्या, म्हणजे कल्याणच्या, बंगल्याचे मागचे दार आवाज न करता ओढून घ्यायचे. मग फरशीच्या कडेकडेने सव्वीस पावले. उजव्या हाताला कल्याणची हिरवळ असे. तिच्यावर ते पाय ठेवत नसत. सव्विसाव्या पावलाला फुलांचा वाफा लागे. वाफ्यात एक सपाट दगड होता. डावा पाय दगडावर, उजवा पलीकडे, की धाकट्या सोमेश्वरची हद्द सुरू झाली. तिथून चौदा पावलांवर वंदनाच्या स्वयंपाकघराचे दार उघडे असे आणि शेगडीवर चहा उकळत असे.

खरे तर महिन्याचा पहिला पंधरवडा त्यांनी कल्याणकडे काढायचा आणि दुसरा सोमेश्वरकडे, असे वाटणीच्या कागदात स्पष्ट होते. पण थोरली सून साधना सात वाजल्याशिवाय उठत नसे आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला चहाची तलफ कागद वाचून येत नाही. त्यामुळे पंधरवडा कोणाचाही असो, पहिला चहा वंदनाकडे, नऊची भाकरी साधनाकडे आणि दुपारची झोप जिथला पंखा बरा चालेल तिथे. दिवसातून आठ-दहा वेळा ते तो दगड ओलांडत. दोन्ही मुलांची समजूत अशी होती की नाना आपल्याकडे राहतात. नाना मधल्या दगडावर राहत होते.

वडीगोद्रीच्या हमरस्त्यालगतच्या या जागेची वाटणी झाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : मध्ये भिंत घालायची नाही. भिंतीऐवजी तीन हात रुंदीचा वाफा, समोरच्या रस्त्यापासून मागच्या बोअरपर्यंत. मेहुणे इंद्रभान तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'मधील फुलांचा वाफा सामाईक राहील.' फुले कोणती, हे कोणी ठरवले नव्हते. अंबडच्या रोपवाटिकेतून आंब्याची कलमे आणताना तिथल्या माळ्याने पिशवीभर गुलाबी लिलीचे कंद वरकड म्हणून दिले आणि सोनूबाईंनी ते ओळीने पुरून टाकले. पात कांद्याच्या पातीसारखी, कंदही कांद्याच्या रोपाखालच्या गाठीएवढा. चैत्रात दोन वेळा पाणी मिळाले की सगळा वाफा एका रात्रीत फुलून येई.

कल्याणने हिरवळ घातली ती त्यानंतर दोन वर्षांनी. पुण्याहून गालिच्यासारख्या गुंडाळ्या करून ट्रकमधून आणली. उतरवून घेताना रखमाजींनी एक कांडी तोडून डोळ्यांपाशी नेली होती.

"कल्याण, ही तर हरळी हाय."

"नाना, लॉन आहे ते. सुधारित जात."

"हरळीच हाय. सुधारली असंल."

ज्या गवताला त्यांनी चाळीस उन्हाळे दोन-दोन हात खणून रानाबाहेर काढले, त्याला मुलाने गाडीतून सन्मानाने आणून दारात अंथरले होते. तेव्हापासून त्यांना त्याच्या अंगावर पाय देणे संकोचाचे वाटू लागले.

आणि त्या हिरवळीत सोनूबाईंची लिली शिरली. पहिल्या चैत्रात हातभर, दुसऱ्या चैत्रात तीन हात. कल्याणचे हमरस्त्यावर कृषी सेवा केंद्र होते. तीन तालुक्यांतले शेतकरी तण कशाने मरेल हे त्याला विचारायला येत. त्याने प्रथम गवत कापायचे यंत्र फिरवले. पात कापली गेली, कंद जमिनीत खुशाल राहिले. मग त्याने दुकानातले उत्तम तणनाशक फवारले. लिली तशीच राहिली आणि हिरवळीची कड महिनाभर पिवळी पडली. शेवटी दुकानावरच्या भुजंगला खुरपे देऊन बसवले. भुजंगने कपाशी खुरपावी तशी हिरवळ खुरपली. कंद फुटले, त्यांची पिल्ले मातीबरोबर इकडेतिकडे उडाली आणि जिथे दहा होती तिथे पुढच्या वर्षी चाळीस आली. या गोष्टीची दुकानात चर्चा करायची नाही, असे कल्याणने भुजंगला बजावून ठेवले होते.

त्या रविवारी रखमाजी सव्विसाव्या पावलावर थबकले. वाफा फुललेला होता, आणि वाफ्यापासून कल्याणच्या बाजूला चांगली नऊ हात हिरवळही गुलाबी झाली होती. पलीकडे सोमेश्वर बनियनवर उभा होता. त्याच्या हातात पाण्याची नळी होती आणि धार वाफ्याच्या वरून भावाच्या हिरवळीवर पडत होती.

"काय करून राह्यला, सोमा?"

सोमेश्वर दचकला. कुंभार पिंपळगावच्या शाळेत तो नागरिकशास्त्र शिकवत असे आणि दचकल्यावर त्याला नेहमी एखादे मूल्य आठवे. "काही न्हाई, नाना. भाऊचं लॉन सुकून चाललंय. म्हणलं, माणुसकी."

रखमाजींनी नळीकडे पाहिले, मग फुलांच्या पुढच्या टोकाकडे, आणि त्यांच्या ध्यानात आले. न येऊन सांगतात कोणाला? चुलतभावाच्या सामाईक बांधाला त्यांनी स्वतः दर पेरणीला नांगराचे एक तास, फाळाची एक ओळ, जास्त घातले होते. एकच. एका वर्षात ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. एकोणीस वर्षांत बांधावरची बोर त्यांच्या रानाच्या मधोमध आली होती. पोराला हे कोणी शिकवले नव्हते. नांगर कधी न धरताही त्याला ते येत होते.

"माणुसकी जरा कमी सोड," ते म्हणाले, "चिखल व्हायलाय," आणि चहाला गेले.

दहा वाजता मंठ्याहून इंद्रभानमामा आले. बोलावणे कल्याणचे होते. मामांना निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली होती, पण मोजणीचा फीता ते अजून कापडी पिशवीत बाळगत. वाफ्यालगतच्या फरशीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. साधनाने सरबत आणले. वंदना आपल्या बाजूच्या पायरीवर मेथी निवडत बसली. तिथून सगळे ऐकू येत होते आणि ती बैठकीत नाही असेही म्हणता येत होते.

"मामा, मी सरळच सांगतो," कल्याण म्हणाला. "वाफा तीन हात होता. आता बघा. नऊ हात माझ्याकडं आलाय. हे अतिक्रमण हाय. मला बराबर मधोमध भिंत पाहिजे."

"अतिक्रमण माणूस करतो, भाऊ. वनस्पती करत नसते," सोमेश्वर म्हणाला. त्याने कागदाची झेरॉक्स खिशातून काढली. "इथं काय लिहिलंय? 'फुलांचा वाफा सामाईक.' म्हणजे फुलं जिथवर, तिथवर वाफा. आणि वाफा जिथवर, तिथवर सामाईक."

"मंग उद्या ती माझ्या हॉलमधी उगवली तर?"

"तर हॉल सामाईक."

पायरीवरून खोकल्यासारखा आवाज आला. वंदना मेथीच्या जुडीत तोंड लपवत होती.

"हसू नको," सोमेश्वर तिकडे न बघता म्हणाला आणि त्याने आवाज खाली आणला. "मामा, ही आईची आठवण आहे. तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं रोप आहे. यंत्र फिरतं ना रविवारी, माझ्या काळजावरून फिरतं."

"आत्याबाईंनी ती फुकट भेटली म्हणून लावल्ती," वंदना पायरीवरूनच म्हणाली. "त्यांना तिथं भेंडी लावायची होती. मला म्हणल्या होत्या."

"तू मधी बोलू नको."

"मंग मला नळी धरायला सांगत जाऊ नका."

कल्याण एकदम ताठ झाला. "नळी? कसली नळी?"

"माणुसकीची," रखमाजी म्हणाले. त्यांची खुर्ची जरा बाजूला होती.

सोमेश्वरचा चेहरा उतरला आणि कल्याणचा खुलला, पण तो खुललेला फार वेळ राहिला नाही. सरबताचे पेले उचलता उचलता साधना म्हणाली, "लिलीनं माझं काय वाकडं केलं, ते मला बी सांगा कुणी. लॉन आल्यापासून धुणं गच्चीवर न्यावं लागतंय. खाली दोरी बांधली तर म्हणे सावली पडती. लेकरांना खेळू देत न्हाईत. म्हातारा माणूस कडंकडंनं चालतोय. ते लॉन हाय का देवघर?"

"तू कुणाच्या बाजूनं हाईस?" कल्याणने विचारले.

"धुण्याच्या."

मामांनी घसा साफ केला. त्यांच्या नोकरीच्या काळात अशा वेळी एकच गोष्ट उपयोगी पडत असे. त्यांनी पिशवीतून फीता काढला. "आधी मोजू. मंग भांडू."

एक टोक कल्याणने कुंपणाशी धरले, दुसरे सोमेश्वरने. वाटणीपासून दोघे भाऊ एकाच वस्तूच्या दोन टोकांना उभे राहिले होते ते बहुधा आजच. रखमाजींना ते बघायला बरे वाटले. मामा वाकून आकडे वाचत होते. दोनदा वाचले. मग त्यांनी पायातली चप्पल काढून हिरवळीवर खूण म्हणून ठेवली. चप्पल मूळ वाफ्याच्या बाहेर, कल्याणच्या बाजूला दीड हात आत होती.

"मधोमध इथं येतंय," मामा म्हणाले.

दोघा भावांनी आधी चपलेकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले. नंतर जे झाले ते पाहून आपण जागे आहोत की नाही, हे रखमाजींना स्वतःशी तपासावे लागले. कल्याण म्हणाला, "पण मामा, भिंत कशाला? वडिलांचा शब्द हाय. भावाभावात भिंत घालणं बिलकुल बराबर न्हाई." आणि सोमेश्वर म्हणाला, "नाही, नाही. कायदेशीर बाबी कायदेशीरच झाल्या पाहिजेत. भिंत हवीच. चपलेवर."

"चपलेवर कशी? तिथं लिली हाय. तू आत्ताच म्हणला, लिली तिथं वाफा. सामाईक जागेत भिंत घालतो व्हय?"

"मग तू का म्हणत होतास मधोमध?"

"तवा मला चप्पल दिसली नव्हती!"

मामांनी दोन्ही हात वर केले. कागद त्यांचा होता, अक्षर त्यांचे होते, आणि त्या अक्षराची अब्रू राखणे त्यांना भाग होते. सामाईक वाफ्यात भिंत येणार नाही, हे त्यांनी प्रथम निश्चित केले. मग भिंत कोठे येईल? वाफ्याच्या बाहेर. कोणत्या बाजूला? एका बाजूला घातली तर दुसरा म्हणेल वाफा त्याच्याकडे गेला. म्हणून दोन्ही बाजूंना. दोघांनी आपापल्या हद्दीत, वाफा जिथे संपतो तिथे, आपापली भिंत घालावी.

"म्हणजे दोन भिंती?" वंदना पायरीवरून उठलीच.

"दोन."

"आन् मधल्या वाफ्यात जायचं कुठून?"

"जायचं कशाला? सामाईक हाय तो," मामा म्हणाले. "पाणी वरून सोडायचं."

यावर हसू आले ते फक्त दोन्ही सुनांना. कल्याण आणि सोमेश्वर मान हलवत होते. आपल्याबरोबर भावाच्याही हद्दीत भिंत येणार, यात दोघांना न्याय दिसत होता. वाफा नेमका कोठे संपतो, यावर पुन्हा अर्धा तास गेला, आणि शेवटी मामांनी सोमेश्वरचेच म्हणणे उचलले : पात असो की फूल, लिली जिथे उगवलेली दिसेल तिथवर वाफा. आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ते पुन्हा येतील, चुन्याची फक्की ओढतील, आणि भिंतीचा पाया दुसऱ्या दिवशी.

"तवर दोघा भावांनी लिलीला हात लावायचा न्हाई. कल्याण, खुरपं न्हाई, फवारा न्हाई. सोमेश्वर, तू बी काही लावायचं न्हाई. शपथ घ्या."

दोघांनी शपथ घेतली. कल्याणने ती घेतली तेव्हा हिरवळीच्या पाण्याचा कॉक उद्यापासून बंद ठेवायचा हे त्याच्या मनात ठरलेले होते. चैत्राच्या उन्हात दोन आठवडे पाणी नाही मिळाले की पात कशी दिसते ते बघू. सोमेश्वरने घेतली तेव्हा कल्याण आठच्या आत उठत नाही हे त्याला माहीत होते, आणि शपथेत नळीचा उल्लेख नव्हता. रखमाजींना दोघांचे चेहरे लहानपणापासून वाचता येत होते.

"मला एक इचारायचंय," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. तासाभरात पहिल्यांदाच.

"मी कुठून जायचं?"

"कुठं, नाना?" सोमेश्वरने विचारले.

"तुझ्याकडून ह्याच्याकडं. ह्याच्याकडून तुझ्याकडं."

"असं काय, नाना. भाऊच्या गेटातून बाहेर, रस्त्यानं, आमच्या गेटातून आत. साठ पावलं नाहीत."

रस्ता म्हणजे हमरस्ता होता. उसाचे ट्रॅक्टर, खाजगी बसगाड्या आणि मालवाहू ट्रक तिथून दिवसरात्र जात. रखमाजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डाव्या कानाला फक्त जवळचे बोलणे ऐकू येत होते, लांबून येणारी गाडी नाही. हे मामांना आठवले असावे. ते फीता गुंडाळू लागले.

"एकट्यानं जायची गरजच न्हाई," कल्याण म्हणाला. "पंधरा दिवसाला एकदा भुजंग सोडंल की मोटारसायकलीवर. पाच मिनिटाचं काम."

"खताचं पोतं सोडल्यावानी," रखमाजी म्हणाले.

"नाना, तसं न्हाई."

"न्हाई कसं? पावती बी घेत जाय." ते उठले, काठी घेतली आणि दगड ओलांडून पलीकडे गेले. कोणी त्यांना थांबवले नाही, कारण जाण्यासारखी जागा अजून होती.

जेवताना मामा म्हणाले, "दाजी, मनाला लावून घेऊ नका. कागद म्हणलं की असं होतंच." रखमाजी म्हणाले, "तुमचं अक्षर लई चांगलं हाय," आणि भाकरी कुस्करू लागले.

सोमवारी दुपारी त्यांनी सुरुवात केली.

उन्हाळ्यामुळे सोमेश्वरची शाळा सकाळची होती. एक वाजता जेवून तो कुलरपुढे आडवा होई आणि चार वाजता उठे. कल्याणही दुकान भुजंगवर सोडून जेवायला येई आणि त्याच वेळात झोपे. दोन्ही बंगल्यांतून दोन कुलरांची घरघर सुरू झाली की रखमाजी डोक्याला उपरणे बांधत, खुरपे आणि घमेले घेत आणि वाफ्यात उकिडवे बसत. मूळ वाफ्यात लिली इतकी दाटली होती की एका गड्ड्यात तीस-तीस कंद निघत. गड्डा मातीसकट उचलायचा, मुळांवरची माती झटकायची नाही, कंद हलक्या हाताने सुटे करायचे, पात निम्मी खुडायची म्हणजे ती ऊन ओढत नाही. मग वीतवीत अंतरावर भोक करून दोन बोटे खोल पुरायचे. खणण्यातली त्यांची सारी हयात जमिनीतून काही काढून टाकण्यात गेली होती. लावण्याचे काम त्या मानाने सोपे होते. गुडघे दुखत, तेव्हा ते तिथेच, कल्याणच्या हिरवळीवर, मांडी घालून बसत आणि हरळीत खुरप्याचे टोक खुपसत. खूप वर्षांनी तिला त्यांचे खुरपे लागत होते आणि ती अजिबात विरोध करत नव्हती. सुधारली होती खरेच.

मंगळवारी साधनाच्या खिडकीचा पडदा हलला. रखमाजी हात थांबवून बसले. थोड्या वेळाने ती बाहेर आली, त्यांच्याकडे, घमेल्याकडे आणि हिरवळीवरच्या ताज्या भोकांच्या रांगेकडे पाहिले.

"नाना, उपरणं ओलं करून देते. ऊन लई हाय," ती म्हणाली. ओले उपरणे देऊन ती आत गेली आणि तिने खिडकी लावून घेतली.

बुधवारपासून पलीकडच्या पायरीवर पाण्याची भरलेली बादली आणि एक लोटा असे. ती कोण ठेवते, हे रखमाजींनी विचारले नाही.

मुलांना काही दिसले नाही असे नव्हते. दिसले ते त्यांना आपापल्या परीने कळले. गुरुवारी कल्याणला आपल्या पायऱ्यांच्या बरीच जवळ पात दिसली. सोमाच्या पाण्यानेच ही पुढे सरकते आहे, हे त्याने ओळखले. पण नळीबद्दल बोलावे तर सोमा कॉकबद्दल बोलेल, म्हणून तो दात खाऊन गप्प राहिला. शनिवारी सोमेश्वरला आपल्या गाडीच्या शेडपाशी लिली दिसली. भाऊ रागाने कंद इकडे भिरकावतो आहे, हे त्याच्या लक्षात आले. पण पहाटे आपण वाफ्यापाशी काय करत होतो, हे सांगितल्याशिवाय ते म्हणता येत नव्हते. दोघेही आखितीची वाट पाहत राहिले, आणि मामांसमोर सगळा हिशोब चुकता करू, अशी दोघांनी आपापल्या बायकोला खात्री दिली. दोघींनीही मान डोलावली.

पुढच्या मंगळवारपर्यंत कल्याणची बाजू रस्त्याकडच्या फाटकापासून मागच्या बोअरपर्यंत आणि वाफ्यापासून जोत्यापर्यंत पुरी झाली. सोमेश्वरच्या बाजूला हिरवळ नव्हती, कठीण मुरूम होता. तिथे रखमाजींना खुरप्याऐवजी छोटी पहार घ्यावी लागली आणि दोनदा दम खायला थांबावे लागले. भिंत उभी करायला जागा म्हणून काही शिल्लक राहिले नव्हते. जिथे जिथे पाया खणता आला असता तिथे तिथे वीतवीतभर अंतरावर निम्मी खुडलेली पात उभी होती, आणि कागदाप्रमाणे ते सगळे वाफा होते, आणि वाफा सामाईक होता. शपथ दोघा भावांनी घेतली होती. रखमाजींकडून ती कोणी मागितली नव्हती.

बुधवारी दुपारी घमेल्यात वीसेक कंद उरले होते. वंदना बादली घेऊन आली आणि आज ती ठेवून गेली नाही.

"नाना, पायरीच्या अंगानं एक रांग राह्यली," ती हळू आवाजात म्हणाली.

"दिसली मला."

"मी पुरू का?"

"नको. तू बायको हाईस त्याची. उगं शपथंत अडकशील."

ती पायरीवर बसली. रखमाजींनी एकेक कंद पायरीला लागून ओळीने पुरला, अंगठ्याने माती दाबली आणि ओंजळीने पाणी दिले. आत कुलर चालू होता आणि सोमेश्वर मोठ्याने घोरत होता. शेवटच्या कंदाला पाणी देऊन झाल्यावर त्यांनी खुरपे घमेल्यात टाकले आणि उठायला हात पुढे केला. वंदनाने तो धरला.

आखितीला चार दिवस होते. मूळ धरायला तेवढे पुरतात.